बाळ घरी येण्याआधी: दत्तक पालकांनी घर आणि घरची माणसं कशी तयार करावीत

दत्तक घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न येतो, "कागदपत्रं काय काय लागतात?" त्याचं उत्तर पुढे देतेच, पण कागद महिन्याभरात जमतात. त्यानंतर धडधाकट तान्ह्या बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त थांबावं लागतं. बहुतेक जोडपी हा सगळा काळ सरकारी दत्तक पोर्टलवर आपला नंबर किती सरकला हे बघण्यात घालवतात. मी स्वतः दत्तक आई आहे, आणि नव्याने या वाटेवर आलेल्या प्रत्येकाला हेच सांगते, की ही वर्षं घरातली माणसं तयार करायला मिळालेली आहेत. पाळणा काय, एका दुपारीत आणता येतो. सासूबाईंच्या मनातली भीती एका दुपारीत जात नाही.

आधी दोघांचं खरं बोलणं

"आयव्हीएफचा आणखी एक प्रयत्न करू, नाहीच झालं तर दत्तक आहेच," असं चालू असेल तर नोंदणी थोडी लांबवा. उपचार थांबवायचे की नाही हा निर्णय आधी घ्या. स्वतःचं मूल होणार नाही याचं दुःख खरं असतं, आणि ते न रडता गिळून टाकलं तर पुढे येणाऱ्या मुलाच्या वाट्याला येतं. ते मूल मग नकळत न झालेल्या मुलाच्या जागी उभं केलं जातं. पुरुष यावर बोलायचं टाळतात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. नवरा "तुला हवंय ना, मग मी तयार आहे" म्हणत असेल तर तो अजून तयार नाही असं समजा आणि त्याला वेळ द्या.

मग हे प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारायचे. किती वयाचं मूल? आपल्यापेक्षा सावळं असलं तर? जन्मदात्यांचा आजार, जात, धर्म काहीच माहीत नसेल तर? एखादी शस्त्रक्रिया लागणार असेल तर? नोंदणीच्या अर्जात यातल्या काही गोष्टी विचारल्याच जातात, तेव्हा संगणकापुढे बसून घाईघाईत टिचकी मारण्यापेक्षा आधी बोललेलं बरं. वयाचं गणितही आहे. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पती-पत्नीच्या वयाची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यावरच्या मुलांसाठी ११०. एकल पालकांसाठी हीच मर्यादा अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५ अशी आहे. ठरवायला वेळ लावाल तशी जोडप्याची बेरीज वर्षाला दोनने वाढते, हे ध्यानात ठेवा. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावीत. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही दत्तक घेता येतं, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही.

पाच-सहा वर्षांच्या पुढची मुलं, एकत्रच द्यायची भावंडं आणि विशेष गरजा असलेली मुलं यांच्यासाठी थांबावं लागतं ते फार थोडं. त्यांचा विचार जरूर करा. फक्त "लवकर मिळेल" एवढ्याच कारणासाठी करू नका.

नोंदणी

संस्थेतलं मूल दत्तक घ्यायचं तर एकच रस्ता आहे: केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे सगळे ज्याला 'कारा' म्हणतात, त्याच्या पोर्टलवर नोंदणी. पॅन कार्ड, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, ओळखीच्या दोन व्यक्तींची पत्रं, कुटुंबाचा फोटो. घरात आधीचं मूल पाच वर्षांवरचं असेल तर त्याची संमती लागते. एकल पालक असाल तर तुमचं काही बरंवाईट झालं तर मुलाला सांभाळीन असं लिहून देणारा जवळचा नातेवाईक लागतो. नोंदणीनंतर ३० दिवसांत हे सगळं अपलोड करायचं. अडलात तर जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा, तिथे मदत मिळते. परदेशात स्थायिक मराठी कुटुंबांना त्यांच्या देशातल्या अधिकृत दत्तक संस्थेमार्फत किंवा तिथल्या सरकारी यंत्रणेमार्फत याच पोर्टलवर यावं लागतं. अनिवासी भारतीयांना देशातल्या पालकांच्या बरोबरीचं प्राधान्य आहे.

आणि कोणी "अमक्या दवाखान्यात एक बाळ आहे, परस्पर देतील" असं म्हणालं तर तिथेच थांबा. सांगणारा कितीही भला माणूस असला तरी थांबा. बाल न्याय कायद्याच्या कलम ८० नुसार प्रक्रिया डावलून अनाथ, सोडलेलं किंवा स्वाधीन केलेलं मूल घेणं-देणं हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि पैशाचा व्यवहार झाला तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आहे. शिक्षेहून मोठी गोष्ट म्हणजे असं मूल कधीही परत मागितलं जाऊ शकतं. रीतसर प्रक्रियेत मूल स्वाधीन करणाऱ्या आईला विचार बदलायला ६० दिवस मिळतात, सापडलेल्या मुलाच्या घरच्यांचा शोध घेतला जातो, आणि मगच बाल कल्याण समिती मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त असल्याचं जाहीर करते. ही दिरंगाई तुमच्याच मुलाच्या हिताची आहे.

होम स्टडी

जवळच्या विशेष दत्तक संस्थेतल्या सामाजिक कार्यकर्त्या घरी येतात, बोलतात, अहवाल लिहितात. हा अहवाल तीन वर्षं ग्राह्य धरला जातो. या भेटीची लोक विनाकारण धास्ती घेतात. घर भाड्याचं असलं, वन रूम किचन असलं तरी अडत नाही. आम्ही ओळखतो अशा एका घरात त्या दिवसासाठी शेजाऱ्यांची खेळणी आणून मांडली होती! त्याने काहीही साधत नाही. त्यांना बघायचं असतं ते वेगळंच: तुम्ही दोघं एकमेकांचं बोलणं तोडता का, राग आला की काय करता, मूल सांभाळायला दिवसा कोण असेल, तुमच्या माघारी मुलाचं कोण पाहील, आणि घरातली मोठी माणसं या निर्णयात आहेत की त्यांना फक्त कळवलंय. त्या आजी-आजोबांशी वेगळ्याने बोलतात. आजींना "असं असं सांगा" म्हणून पढवून ठेवू नका. आजींच्या मनात शंका असेल तर ती याच भेटीत बाहेर पडू द्या. उत्तर द्यायला समोर जाणकार माणूस बसलेलं असतं.

आजी-आजोबा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

मागच्या पिढीला दत्तक माहीत नाही असं नाही, उलट चांगलंच माहीत आहे. कोल्हापूरच्या गादीवर १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. बडोद्याच्या गादीवर १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा गेला, ते सयाजीराव. घरोघरीही वतनासाठी, शेतीवाडीसाठी, पिंडाला हवा म्हणून दिराचा, भावाचा मुलगा मांडीवर घेत असत. म्हणून आई म्हणते, "घ्यायचंच आहे तर आपल्यातलं घ्या ना, धाकट्याला दोन आहेत." ती दुष्टपणाने बोलत नसते. तिच्या लेखी दत्तक म्हणजे घराण्याला वारस. आजच्या कायद्यात उलटं आहे, मुलाला घर मिळावं म्हणून दत्तक आहे. एवढा एक फरक शांतपणे, चार-पाच वेळा, वेगवेगळ्या निमित्ताने समजावून सांगितला की पुष्कळ वाद आपोआप मिटतात.

जात, कुळ, रक्त हे प्रश्न येणारच. ज्या घरात फुल्यांचा फोटो भिंतीवर आहे तिथे मी सरळ त्यांचंच उदाहरण देते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रोग्यांची सेवा करताना गेल्या, तेव्हा त्या सेवेत यशवंतही होता.

काही गोष्टी मात्र समजावण्याच्या नाहीत, ठरवून घेण्याच्या आहेत. मुलाच्या कानावर "टाकून दिलेलं", "कोणाचं पाप", "आम्ही वाचवलं", "नशीबवान आहेस" हे पडता कामा नये. "खरी आई" हा शब्दही नको, "जन्म देणारी आई" म्हणा. जमिनीत, घरात वाटा मिळेल का, असं काका-मामा विचारतील, तेव्हा स्पष्ट सांगा: दत्तक मुलाला तुमच्या पोटच्या मुलाइतकेच सगळे हक्क आहेत. आजोबांना हे आधी कळलेलं असलं म्हणजे पुढच्या दिवाळीत वाद पेटत नाही.

ज्येष्ठ मंडळींना दुसऱ्या दत्तक कुटुंबाच्या घरी घेऊन जा. तुमच्या संस्थेच्या पालक मेळाव्याला न्या. पुण्यात भारतीय समाज सेवा केंद्र, 'सोफोश'चं श्रीवत्स, मुंबईत बाल आशा ट्रस्ट, वात्सल्य ट्रस्ट अशा जुन्या संस्था आहेत. तिथून गेलेली कितीतरी मुलं आता मोठी झाली आहेत. आजीने दुसऱ्या आजीला नातवाच्या तक्रारी सांगताना ऐकलं, की आपलं तासभराचं बोलणं जे करू शकलं नाही ते होऊन जातं.

आधीचं मूल असेल तर

"तुला खेळायला भाऊ आणणार" असं सांगू नका. येणारं बाळ खेळणार नाही, रडेल, आईला अडकवून ठेवेल, आणि मोठ्या मुलाला फसवल्यासारखं वाटेल. "बाळ घाबरलेलं असेल, त्याला वेळ लागेल, आणि तुला राग आला तर मला येऊन सांग," एवढं खरं पुरतं. ताई किंवा दादा म्हणून त्याच्यावर कामं लादू नका. आणि त्याच्यासोबत एकट्याने घालवायची रोजची पंधरा-वीस मिनिटं आत्ताच ठरवून टाका.

वस्तूंची तयारी

यावर जास्त लिहीत नाही. बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी, गॅसचं बटण मुलाच्या हाती लागणार नाही अशी सोय, फिनेल आणि औषधं वरच्या फडताळात, न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली कधीच उघडी नाही, देवघरातली समई उंच जागी. कपडे वयाच्या हिशोबाने घेऊ नका. संस्थेतून येणारी मुलं बहुतेकदा वयाच्या मानाने लहान दिसतात, तेव्हा कपडे मूल पाहिल्यावर घ्या. वेगळी खोली सजवायची घाई नको, पहिले काही महिने मूल तुमच्याच खोलीत झोपणार आहे.

नोकरी असेल तर रजेचं लेखी विचारून ठेवा. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात दत्तक आईसाठी १२ आठवड्यांची रजा आली, पण अटी, कार्यालयाचे नियम आणि वडिलांची रजा प्रत्येक ठिकाणी वेगळी निघते. आणि मूल मिळाल्याचं कळलं की हातात वेळ मोजकाच असतो, तेव्हा पर्यायी माणसाचं नाव साहेबांना आधीच देऊन ठेवा.

रेफरल आला

नंबर आला की पोर्टलवर मुलाचा फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसतो, यालाच रेफरल म्हणतात. ४८ तासांत मूल राखून ठेवायचं की नाही ते कळवायचं असतं. अशा तीन संधी असतात, तिन्ही नाकारल्या तर वर्षभर नोंदणी करता येत नाही.

म्हणून बालरोगतज्ज्ञ आधीच गाठून ठेवा, "एक दिवस अचानक अहवाल पाठवीन, त्याच दिवशी वाचाल का?" असं विचारून. वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवायचा तुम्हाला हक्क आहे. वजन कमी, मान उशिरा धरली, बोलणं मागे, हे संस्थेतल्या मुलांत नेहमी दिसतं आणि घरचं अन्न, घरचा स्पर्श मिळाला की बरंच भरून निघतं. कुठला शेरा तात्पुरता आणि कुठला आयुष्यभराचा, हे डॉक्टरच सांगू शकतात. एक उदाहरण देते. तान्ह्या बाळाची एचआयव्हीची प्रतिपिंड चाचणी पॉझिटिव्ह असली म्हणजे बाळाला संसर्ग आहेच असं नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं दीड वर्षापर्यंत रक्तात राहू शकतात, आणि त्यासाठी वेगळी चाचणी असते. असा शेरा वाचून रात्रभर नातेवाइकांचे सल्ले घेत बसण्यापेक्षा डॉक्टरांना एक फोन करा.

फोटो व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका. मूल अजून तुमचं झालेलं नाही, आणि झाल्यावरही त्याची गोष्ट त्याची आहे.

संस्थेत जाताना

मूल कदाचित ओडिशात, झारखंडमध्ये किंवा मराठवाड्याच्या टोकाला असेल. बोलायच्या वयाचं असेल तर त्याच्या भाषेतली दहा-बारा वाक्यं शिकून जा: भूक लागली का, शू आली का, दुखतंय का, मी आहे, झोप, ये. त्याचं आधीचं नाव बदलायची घाई करू नका. ज्या नावाला ते ओ देतं ती त्याच्याजवळची एकमेव वस्तू असते. दुसरं नाव ठेवायचंच तर जोडीने वापरा.

सांभाळणाऱ्या मावशींसोबत निवांत बसा आणि लिहून घ्या. कितीला उठतं, कितीला झोपतं, दिवा चालू लागतो का, कुशीवर झोपतं की पालथं, दुधाची कुठली पावडर, बाटली की वाटी-चमचा, भात किती मऊ, कशाला घाबरतं, कोणाजवळ शांत होतं. त्याच मावशींचा आवाज फोनवर टेप करून घ्या, त्या तयार असतील तर फोटोही. आणि मूल वापरत असलेलं एखादं पांघरूण मागून घ्या, घरी आल्यावर लगेच धुऊ नका. अनोळखी घरात त्याला ओळखीचा वास तेवढाच असतो.

पहिले सहा-आठ आठवडे

बारसं, पाहुणे, ओट्या, सत्यनारायण, सगळं पुढे ढकला. संस्थेत मुलाला दर पाळीला नवे हात लागलेले असतात. काही मुलं त्यामुळे कोणाकडेही जातात, आणि पाहुणे म्हणतात, "किती गोड, लगेच आलं माझ्याकडे!" ते गोड नसतं, आपली माणसं कोण हे त्याला अजून कळलेलं नसतं. म्हणून या दिवसांत भरवणं, आंघोळ, झोपवणं, रडल्यावर उचलणं हे फक्त आई-बाबांनी करायचं. आजीला हे फार जड जातं. तिला आधीच सांगा की हे कायमचं नाही, आणि तिच्याकडे स्वयंपाक, दुपटी, दारावर येणाऱ्या शेजाऱ्यांना थोपवणं ही कामं द्या. भरवताना मांडीवर घ्या, डोळ्यांत बघा. बाटली उशीला टेकवून देऊ नका.

जेवण संस्थेतलंच ठेवा. मऊ वरणभात खाणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात बदाम-तुपाचा मारा केलात तर पोट बिघडेल. मोठं मूल खिशात पोळी लपवेल, उशीखाली बिस्किटं ठेवेल. रागावू नका. त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, त्यात नेहमी काहीतरी असू द्या, आणि रिकामा दिसला की न बोलता भरा. काही महिन्यांत लपवणं थांबतं.

पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडे लसीकरणाची नोंद, हिमोग्लोबिन, थायरॉइड, जंत, खरूज, उवा हे सगळं बघून घ्या.

मूल रात्री किंचाळून उठेल, किंवा अजिबात रडणार नाही. न रडणाऱ्या मुलाकडे जास्त लक्ष द्या. रडून कोणी येत नाही हे ते शिकून आलेलं असू शकतं.

आणि आईबद्दल. इतकी वर्षं वाट पाहिलेलं बाळ हातात आल्यावर तुम्हाला काहीच वाटलं नाही, उलट रडू येत राहिलं, "आपण काय करून बसलो" असं वाटलं, तर तुम्ही वाईट आई नाही. बाळंतपणानंतर येते तशी उदासी दत्तक आईला, बाबालाही येते. प्रेम कधीकधी सेवेच्या मागून येतं. दोन-तीन आठवड्यांत मन सावरलं नाही तर समुपदेशकाकडे जा. संस्थेला कळवायला घाबरू नका, बाळ काढून नेण्यासाठी तिथल्या कार्यकर्त्या फोन उचलत नाहीत.

सांगायचं कधी

पहिल्या दिवसापासून. "मोठं झालं की सांगू" हा बेत प्रत्येक वेळी फसतो, कारण लग्नाघरात कोणीतरी चुलतभावंड आधी सांगतं. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना म्हणा, "तुला आणायला आम्ही रेल्वेने गेलो होतो, खूप पाऊस होता." त्याला अर्थ कळत नसला तरी तुमची जीभ सरावते. तीन-चार वर्षांचं मूल विचारेल, "मी तुझ्या पोटात होतो?" "नाही रे, दुसऱ्या एका आईच्या पोटात होतास, मग आमच्याकडे आलास." एवढंच. पुढचे प्रश्न ते आपल्या गतीने विचारतं. जन्म देणाऱ्या आईने का सोडलं हे माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, गोड गोष्ट रचू नका.

शाळेच्या पहिल्या वर्षी वर्गशिक्षिकांना भेटा. वंशवृक्ष काढा, जन्माच्या वेळचा फोटो आणा, असा गृहपाठ येतोच. तो बदलता येतो का, हे आधी विचारलेलं बरं.

आदेश आणि त्यानंतर

मूल घरी येतं ते आधी दत्तकपूर्व संगोपनात, म्हणजे अंतिम आदेश होईपर्यंत तुमच्या सांभाळात. मग अर्ज जातो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेश हाती आला की त्याच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या घेऊन ठेवा, आणि त्यावरून तुमची नावं असलेला जन्मदाखला, मग आधार, आरोग्य विमा, शिधापत्रिका या क्रमाने कामं उरका. दोघांनी मृत्युपत्र करा, त्यात मुलाचा पालक म्हणून कोण, हे त्या व्यक्तीला विचारून लिहा.

पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्त्या भेटीला येतील. त्यांना "सगळं छान" सांगून चहा पाजून पाठवू नका. झोपेचा, चावण्याचा, आजीशी न पटण्याचा त्रास असेल तर त्याच वेळी काढा.

बाल अध्ययन अहवाल, मूळ फोटो, संस्थेचा पत्ता, मावशींनी सांगितलेल्या गोष्टींची वही, हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि स्कॅन करून दुसरीकडेही ठेवा. आपलं मूळ जाणून घ्यायचा अर्ज मूल अठरा वर्षांनंतर स्वतः करू शकतं, त्याआधी तुमच्यासोबत. त्या वेळी संस्थेतले लोक बदललेले असतील, कदाचित संस्थाही बंद झालेली असेल, आणि माहिती फक्त तुमच्याच कपाटात असेल.